छातीचं माप

सदर इसम: स्त्री. वय: पन्नाशीपुढे. प्रचलित नाव: टाचणीमावशी. व्यवसाय: शिलाई, विशेषतः कोट व जाकिटे. नाते: एका मुलाची आई, एका सुनेची सासू. प्रकृती: क्षयरोगातून पूर्ण बरी. संसर्गाची शक्यता: नाही. कामाची क्षमता: घटलेली.

शेवटची नोंद डॉक्टरांची नव्हे, गिऱ्हाइकांची. मावशी बऱ्या होऊन दुकानात बसल्या आणि त्यांच्या हातचा प्रत्येक कोट ढगळ होऊ लागला. खांदे चोख, बाह्या चोख, छातीत मात्र आणखी एक माणूस मावावा. आजारानं हात गेला, असं लोक म्हणाले. हळहळून म्हणाले, पण दारातूनच. मुलालाही ते पटलं. दुकान भाड्यानं देऊ, तू आराम कर, असं तो जेवताना सांगे. मावशींचा पेला तेव्हा इतरांपासून जरा लांब ठेवलेला असे. तो तिथे कुणी ठेवला हा विषय कुणी काढत नसे, कारण पहिल्यांदा तो मावशींनीच ठेवला होता.

औषधं संपली, धास्ती संपली नाही. पूर्वी त्या समोर उभ्या राहून, टाचण्या ओठांत धरून, माप घेता घेता गिऱ्हाइकाच्या घरादाराची खबर काढत. आता पाठीमागून टेप लावायची, मान वळवायची, आकडा वाचून बाजूला व्हायचं.

अशात सुनेला नोकरीच्या मुलाखतीसाठी जाकीट हवं झालं. मुलानं निकाल आधीच लावला: हेही ढगळ झालं तर दुकान द्यायचं.

मावशींनी पाठीमागून टेप लावली, मान वळवली, आणि नजर नेमकी आरशात गेली. सून गाल फुगवून, डोळे ताणून उभी. तिच्यामागे मावशीही तशाच. दोघींना कुणी एकदम विहिरीत ढकलणार आहे की काय!

“श्वास सोड गं.”

“मी कुठे धरलाय, आई?” सून म्हणाली. तेवढं बोलायला तिला तो सोडावा लागला आणि टेप सैल पडली.

मावशी त्या सैल टेपकडे बघत राहिल्या. सगळं गाव त्यांच्यासमोर छाती भरून उभं राहत होतं, आणि त्या तेच माप इमानानं कापत होत्या. आधी त्यांना हसू आलं, मग चांगलाच राग.

“म्हणजे हात माझा गेला नाही, छाती तुमची फुगली.” त्या समोर येऊन उभ्या राहिल्या. “आता मुलाखतीत काय सांगणार ते सांग. सगळं. बोलणाऱ्याला श्वास धरता येत नाही.”

सून अर्धं पाऊल मागे सरकली. “आणि तुम्हाला खोकला आला तर?”

“आला तर खोकेन. बरी झालेय मी, मेलेली नाही.” आणि त्यांनी टाचण्या ओठांत धरल्या.

सून अडखळत बोलू लागली, मग रंगात आली. आधीच्या साहेबाची नक्कलसुद्धा करून दाखवली. तेवढ्यात मुलगा दुकान पाहायला एका भाडेकरूला घेऊन आला. मावशींचं तोंड टाचण्यांनी भरलेलं, म्हणून त्यांनी नुसतं दाराकडे बोट केलं. दोघेही आले तसे बाहेर गेले.

त्या दिवसापासून दुकानात नियम आहे: माप देताना बोलत राहायचं. ज्यांना जमत नाही, त्यांना मावशी रस्ता दाखवतात. काही जण खरंच गेले.

जाकीट छातीत बरोबर बसलं.