शुक्रवारची सवाष्ण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही — आणि तिला तर मी दूध नासलं तरी फोन करून सांगते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. जरा सोपं जातं.

शुभदा मला फोनवरच्या एका ग्रुपमध्ये भेटली. गॅलरीत कुंड्या ठेवणाऱ्या बायकांचा ग्रुप. माझ्या जास्वंदीला पांढरी कीड लागली होती, मी फोटो टाकला, तिनं कडुनिंबाचं तेल किती घालायचं ते कळवलं. ती कल्याणची, मी कळव्याची. हळूहळू आम्ही दोघीच एकमेकींना लिहायला लागलो. एकदा तिनं लिहिलं, आमचे हे झाडांना इतकं पाणी घालतात की मुळं कुजतात, तुझे कसे आहेत? मी लिहिलं — आमचे तर कुंडीकडे ढुंकूनही बघत नाहीत.

बघत नाहीत! आमचे हे जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

सुधारायला काय लागलं असतं? एक ओळ. पण ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचत बसले. किती बरं वाटलं म्हणून सांगू! मग काय, रोजचंच झालं. हे आज मेथी सांगितली तर शेपू घेऊन आले. हे चष्मा शोधतायत आणि चष्मा डोक्यावर. अगदीच खोटं नव्हतं ते — शेपू त्यांनी आणला होता, फक्त फार वर्षांपूर्वी. पुढे जुन्या आठवणी पुरेनात. तेव्हा मी त्यांना गुडघेदुखी दिली. अठ्ठावन्नाव्या वर्षी गेलेला माणूस, गुडघे धरून उठण्याइतकं वय त्यांना मिळालंच नव्हतं. मी दिलं.

दोनेक वर्षांनी शुभदानं घरी बोलावलं. श्रावणातल्या शुक्रवारी, सवाष्ण म्हणून जेवायला. तिच्या सासूबाईंची तशी इच्छा होती. नाही म्हणता आलं नसतं का? कितीतरी सबबी होत्या. मी कपाटातल्या डब्यातून मंगळसूत्र काढलं, घातलं आणि गेले.

शुभदा लिहायची तशीच बोलायची, भरभर, एक विषय अर्धा टाकून दुसरा. पाच मिनिटांत आम्ही जुन्या मैत्रिणी. ऐंशी उलटलेल्या सासूबाईंनी वाकून माझ्या पायांवर कोमट पाणी घातलं. कुंकू लावलं, ओटी भरली. तिच्या मिस्टरांनी विचारलं, साहेबांना का नाही आणलंत? मी गुडघ्यांचं सांगितलं. तर निघताना त्यांनीच ‘साहेबांसाठी’ पुरणपोळ्यांचा डबा हातात दिला.

तुम्हाला वाटत असेल, हीच ती चूक. नाही. विधवेनं कुंकू लावलं, ओटी घेतली, याचं मला काही वाटत नाही. असले नियम मी कधीच मानले नाहीत. त्या दिवशी लाज वाटली, असंही खोटं सांगणार नाही. मी सुखात होते. घरी येऊन दोन ताटं घेतली. दोन्हींत पोळ्या वाढल्या. इतकी त्यांची आठवण आली की पहिला घास मी त्यांच्या ताटातला घेतला.

चूक पुढची आहे.

वर्षभरात शुभदाचे मिस्टर गेले. सकाळी चहा घेतला, आंघोळीला गेले, तिथेच. मी भेटायला गेले — गळ्यात मंगळसूत्र घालूनच. ती मला धरून रडली. नंतर कितीतरी महिने लिहीत राहिली. घरात आवाज हवा म्हणून टीव्ही लावून ठेवते. त्यांचा शर्ट धुवायला टाकवत नाही. लोक पहिले तेरा दिवस येतात आणि मग आपापल्या कामाला लागतात. यातलं मला काय माहीत नव्हतं? माझ्या कपाटात एक न धुतलेला शर्ट अजून आहे. तिला तेव्हा दुसरं काही नको होतं, ज्या बाईनं हे सोसलंय अशी एक बाई हवी होती. ती बाई मी होते. तिच्या फोनमध्येच होते.

सांगितलं असतं तर तिच्याकडचे माझे हे गेले असते. जगात तेवढ्या एकाच ठिकाणी ते राहिले होते. तिच्या रडण्यापेक्षा मला ते महत्त्वाचे वाटले — असं आहे ते, सरळ सांगायचं तर.

एका दुपारी तिनं विचारलं, “कमी होतं का गं हे कधी? कुणी खरं सांगतच नाही.”

मला खरं माहीत होतं. मी लिहिलं, “मला काय कळणार गं.”

तिचं उत्तर आलं, “देव करो आणि तुला ते कधी न कळो.”

मी खाली ‘थँक्यू’ लिहिलं.