स्मशानाची जागा

आमच्या गावचं स्मशान समुद्रानं खाल्लं. आधी सुरूची झाडं गेली, मग शेडचे खांब वाकले, आणि एका पावसाळ्यात शेडच वाळूत आडवी झाली. उरली ती बंधाऱ्याखालची पुळणीची चिंचोळी पट्टी, तीही भरतीला बुडायची.

मी तेव्हा ग्रामपंचायतीची सदस्य होते. ‘स्मशानाची नवी जागा’ हा विषय प्रत्येक ग्रामसभेत यायचा आणि पुढच्या सभेवर ढकलला जायचा. स्मशान हवं यावर गावाचं एकमत होतं. आपल्या वाडीत नको, यावरही होतं. एका वाडीची विहीर जवळ, दुसरीतून पोरं शाळेला जायची, तिसरीत पर्यटकांसाठी खोल्या झालेल्या.

एका सभेला माझ्या सासूबाई आल्या. आयुष्यात पहिल्यांदाच. शाळेच्या पडवीत बायकांच्या मागे बसल्या होत्या. भांडण तापलं तशा भिंतीला धरून उठल्या.

“तुमी माका मेल्यार खंय नेतलास, तां सांगा आदी.”

“खाडीच्या कडेक आमचो भाताचो कुणगो आसा. खारा पाणी शिरल्यापासून पडीकच आसा. थंय करा.”

ग्रामसेवकांनी हळूच विचारलं, “आजी, सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत?”

त्यांचं स्वतःचं, माझ्या नवऱ्याचं आणि मुंबईला असलेल्या धाकट्या दिरांचं.

“मग सगळ्यांची संमती लागेल.”

“माझेच झील मां ते? नाय कित्याक म्हणतीत?” त्या म्हणाल्या. घरी येताना मी त्यांना इतकं हलकं चालताना बऱ्याच दिवसांनी पाहत होते.

नवरा लगेच हो म्हणाला. दिरांना मी फोन लावला. सासूबाईंना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा ठेवला.

“वहिनी, आई भावनेच्या भरात बोलते,” दीर म्हणाले. “खाडीकाठची जागा आहे. उद्या तिथं घर बांधायचं म्हटलं तर स्मशानाशेजारी कोण राहील?”

मी फोन बंद करेपर्यंत सासूबाई उठून चुलीपाशी गेल्या होत्या. थोड्या वेळानं तिथूनच म्हणाल्या, “बरा तर.” पुन्हा त्या सभेला आल्या नाहीत. मी सभेहून परतले की काय झालं, हेही विचारत नसत.

श्रावणात त्या गेल्या. दीर गाडीनं पोचले तेव्हा भरती होती. ओहोटी लागेपर्यंत सासूबाईंना ओटीवरच ठेवावं लागलं. बाहेर पावसात तिन्ही वाड्यांतले पुरुष लाकडं घेऊन उभे होते. सभेत एकमेकांवर धावून जाणारी माणसं आता एकाच ताडपत्रीखाली लाकडं झाकत होती. मग पाणी उतरलं आणि ते त्यांना घेऊन गेले. आम्ही बायका पाणंदीच्या टोकाशी थांबलो. धूर दिसत होता, पण तो वर जातच नव्हता.

परत आल्यावर नवरा विहिरीवर अंगावर पाणी ओतत राहिला. दीर माझ्यापुढे येऊन उभे राहिले. गुडघ्यापर्यंत वाळू होती.

“वहिनी, लाकडं ओली होती. पाणी परत चढलं. आम्ही बांबूंनी चिता धरून ठेवली, पण पूर्ण झालं नाही ओ.”

मला वाटलं, आता ते संमती देतील. बाराव्या-तेराव्यानंतर मी विषय काढला. ते लहान मुलासारखे रडले. आणि म्हणाले, “आत्ता नको. बघू.” दुसऱ्या दिवशी मुंबईला गेले.

पुढच्या ग्रामसभेला गणसंख्याच भरली नाही. तहकूब झालेली सभा आठवड्यानं पुन्हा बसली, तेव्हा सरपंचांनी विषय वाचला. मी उठून सांगितलं, “आमच्या जागेला संमती मिळाली नाही.” मला ओरडाही चालला असता. ग्रामसेवकांनी ते लिहून घेतलं. शेजारच्या गावाला त्यांचं स्मशान वापरू देण्याची विनंती करायची, असा ठराव झाला.

त्या गावानं नाही म्हटलं नाही. फक्त त्यांच्याकडे कुणी गेलं असेल तर आधी त्यांचं, मग आमचं. आता आम्ही आमची माणसं टेम्पोनं नेतो. गेल्या महिन्यात आमच्या वाडीतले एक म्हातारे खलाशी वारले, तेव्हा तिथं आधीच चिता पेटलेली होती. टेम्पो आंब्याखाली लावला. म्हाताऱ्यांचा मुलगा बापाच्या उशाशी बसून माश्या वारत होता, आणि त्या गावची माणसं अधूनमधून येऊन, जरा संकोचानंच, “आता होतलाच,” असं सांगून जात होती.