आपटा की अंजन? एका डहाळीसाठी चाकूर

"हा आपटा नाही. पार खालपर्यंत दुभंगलंय, बघ," म्हणत सरांनी माझा कागद परत केला. त्यावर मी चाकूरजवळच्या गावातल्या मावशीनं दसऱ्याला दिलेलं सोनं चिकटवलं होतं. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि नांदेडला आमच्या कॉलेजात नव्या जिल्ह्यातल्या झाडांची यादी चालू होती. आपट्याचं पान एकच असतं, टोकाकडून चिरलेलं. माझं बहुधा संयुक्त पान होतं, एका देठावर दोन पर्णिका, म्हणजे अंजन. पण 'बहुधा' सरांना चालत नसे. पानाच्या बगलेत कळी असते, पर्णिकेच्या नसते. ते दाखवायला डहाळीच हवी. "शनिवारपर्यंत आण, नाहीतर नोंद खोडतो."

खोडू देते होय! दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीत बसले.

मुखेडला गाडी बदलली. बाजारात भाजी नावाला, चाऱ्यावाचून विकायला काढलेली जनावरंच जास्त. हॉटेलवाला म्हणाला, "च्या देतो ताई, पाणी न्हाई." तिकडं उन्हाळ्यात जाणार असाल तर पाणी घरून न्या. मी नेलं नव्हतं. पुढच्या रस्त्यानं हाडं खिळखिळी केली, आणि दुपारी घसा कोरडा घेऊन मावशीकडं पोचले.

मावशीनं बांधावरचं झाड दाखवलं. निम्म्यावर झाड ओरबाडलेलं. खाली पाच-सहा शेळ्या, आणि काठीला विळा बांधून शेजारच्या गिरजाबाई उरलेला पाला काढत होत्या.

"थांबा! एक डहाळी मला ठेवा."

"कशाला? तुझी शेळी हाय का?"

"आपटा की अंजन, ते ठरवायचंय."

"अंजनच की! औंदा आपटा घावला न्हाई, म्हणून ह्याचंच सोनं वाटलं समद्यांनी. ठरवायचं काय त्यात?"

म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त मलाच नव्हतं.

"शेंडा व्यालेल्या शेळीला राखलाय," त्या म्हणाल्या. "चार दिस काढायचेत त्याच्यावर." मला ओशाळल्यासारखं झालं, पण हटले नाही. वीतभर द्या, म्हटलं. त्यांनी शेळीकडं पाहिलं, मग काठी उंचावली.

देठाच्या बगलेत मोहरीपेक्षा बारीक कळी होती. दोन्ही पर्णिकांपाशी काहीच नाही. "दोन पर्णिकांचं एकच पान! अंजनच!" मी ओरडले.

"बरं झालं. शेळीला सांगते," गिरजाबाई म्हणाल्या.

डहाळी जुन्या वर्तमानपत्रात दाबून शनिवारी सरांपुढं ठेवली. नोंद राहिली. फक्त 'संग्राहक' या रकान्यावर सरांचं बोट थांबलं. "हे कुणाचं नाव?"

"तोडली त्यांनी, सर. त्यांच्या शेळीच्या तोंडची."

सरांनी ते नाव खोडलं नाही. तो कागद कॉलेजच्या कपाटात अजून आहे, गिरजाबाईंच्या नावानं. हे त्यांना सांगायला मी कधीच गेले नाही, याची मात्र आजही लाज वाटते.