अजून कच्चं शे

पाचोरा स्टेशनबाहेर एक भरीतवाला बसतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कपाशीच्या काड्या पेटवून त्यात तो वांगी भाजतो आणि गिऱ्हाईक घाईत दिसलं की मुद्दाम सावकाश होतो. थंडीत फूटपाथवर झोपणारे चार-दोन जण त्याच्या जाळाशी येतात. "शेकायला बसा," असं तो त्यांना कधीच म्हणत नाही. सरळ कामाला लावतो. "आबा, इकडं ध्यान ठेवा, वांगं करपायला नको." मग अंगावर पोतं पांघरलेले आबा मालकाच्या तोऱ्यात वांगी उलटवत बसतात.

परवा संध्याकाळी हाडं गोठवणारी थंडी होती. माझी वांगी भाजून मऊ पडलेली मला दिसत होती. मी पिशवी पुढे केली, तर माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, "थांबा भाऊ, अजून कच्चं शे." आणि जाळात आणखी काड्या सारल्या. मी चिडून काही बोलणार, तेवढ्यात आबांच्या हातांकडे लक्ष गेलं. ते आत्ता कुठे थरथरायचे थांबत होते. मी त्यांच्या शेजारी बसलो.

घरी बायको म्हणाली, "भरीत करपलंय."

मी आणखी वाढून घेतलं.