चार प्लेट भजी

यशवंतला जाऊन आज वर्ष झालं आणि मला अजून घरात एकटीला भीती वाटते.

नवऱ्याला नावाने हाक मारते म्हणून सासूबाई सुरुवातीला रागवायच्या. पण लग्नाआधी दोन वर्षं मी त्याला त्याहून वाईट हाका मारल्या होत्या. नाव म्हणजे मानच होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. काकाच्या जुन्या मॅटॅडोरमध्ये मागे स्टोव्ह लावून मी भजी तळायचे. एका बाजाराला मोखाडा, दुसऱ्याला जव्हार.

जिथे आम्ही, तिथे यशवंतचा तीनचाकी टेम्पो. त्याचीही भजीच.

"गरम भजी घ्या! शेजारची कालची हाय!" हा ओरडायचा.

मी गिऱ्हाइकाला सांगायचे, "तिकडची खा, पण आधी दवाखाना कुठे आहे ते बघून ठेवा."

मग एकदा मोखाड्याच्या बाजारात ते झालं.

पोशेरा गावचा एक बाप आणि त्याची पाच-सहा वर्षांची मुलगी माझ्याकडे भजी खाऊन गेले. थोड्या वेळाने तो तिला उचलून धावत परत आला. पोर ओकत होती, डोळे फिरवत होती.

कोणीतरी दोघांना जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं.

गर्दी मात्र माझ्याभोवती राहिली.

"काय घातला गं तेलात?"

"पोर मेली तर?"

त्या वर्षांत आमच्याकडे कुपोषणाने पोरं दगावलेली सगळ्यांनी पाहिली होती. पोराचं काही झालं की माणसं भान सोडायची. काका रॉकेल आणायला गेलेला. एकाने माझ्या हातातला झारा ओढून घेतला.

तेलाचा डबा सकाळीच फोडलेला. त्याला वास येत होता की नव्हता, हे मलाच आठवेना.

यशवंत आपला स्टोव्ह बंद करून गर्दीतून पुढे आला.

"एक प्लेट दे."

"कशाला?"

"दे म्हणतो ना."

मी प्लेट देताना हळूच म्हणाले, "नको खाऊ. माझीच मला खात्री नाय."

त्याने ऐकलं. माझ्याकडे बघितलं. आणि खायला लागला.

एक प्लेट. मग दुसरी. मॅटॅडोरला टेकून, सावकाश, चार प्लेट.

"ओवा कमी हाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पण विष नाय."

कोणीतरी हसलं. झारा परत मिळाला. लोक पांगले.

माझी खरी भीती तिथून सुरू झाली.

तो समोर पोत्यावर बसला. मी त्याच्या तोंडाकडे बघत. त्याने ढेकर दिला तरी मी उठून उभी राहायचे.

"पोटात दुखतंय का?"

"दुखतंय. चार प्लेट खाल्ल्या."

"मळमळतंय?"

"तुझी भजी हाय. मळमळणारच."

मला रडू फुटलं.

"ए, रडते काय? मी मेलो तर तुझाच धंदा वाढंल."

"मरून तर बघ," मी म्हणाले.

तासाभराने जीप दवाखान्यातून निरोप घेऊन आली. मुलीने बाजाराला येताना वाटेत चंद्रज्योतीच्या विषारी बिया खाल्ल्या होत्या. आता शुद्धीवर होती, पेज मागत होती.

मी डोळे पुसले.

यशवंत उठला, टेम्पोमागे गेला आणि भडाभडा ओकला.

भीतीने. हे त्याने लग्नानंतर कबूल केलं. "दुसऱ्या प्लेटपासून पाय थरथरत होते. म्हणून तर टेकलो होतो."

पुढच्या बाजाराला त्याने टेम्पो आणलाच नाही. आईला आणलं.

काका म्हणाला, "ह्या टेम्पोवाल्याला द्यायची पोरगी?" मी मान खाली घालून कांदा चिरत राहिले. नाही म्हणाले नाही.

मग ओव्यावरून भांडत आमचा संसार झाला.

मागच्या वर्षी नाशिकला, दवाखान्यात, दुपारी तो म्हणाला, "सुनंदा, हात धर. भीती वाटते."

मी वीज कडाडली तरी त्याच्या मागे लपणारी बाई. मला दरदरून घाम फुटला होता.

"काय नाय होत," मी म्हणाले.

"खोटा बोलते."

"हो."

"बोलत राहा."

मी बोलत राहिले. शेताचं, सुनेचं, शेजारच्या कुत्रीला झालेल्या पिल्लांचं. नर्सने येऊन माझा हात सोडवला तोपर्यंत.

यशवंत, तुला मनापासून नमस्कार.

जिथे असशील तिथे सुखी राहा.