तळ्यावरची अम्मा

तंजावरला कॉलेजात होते तेव्हा आम्ही मुली श्रमदानाला पापनाशमजवळच्या एका गावी गेलो होतो. तळ्यातला गाळ उपसायचा होता. एक म्हातारी रोज आमच्याबरोबर राबायची. गाळात कासव सापडलं की पदरात घेऊन कालव्यात सोडून यायची.

शेवटच्या दिवशी कळलं, तिचा मुलगा याच तळ्यात बुडाला होता. गाव तेव्हा तळं बुजवायला निघालं, पण हिनंच अडवलं.

"का, अम्मा?" मी विचारलं.

ती तमिळमध्ये म्हणाली, "माझं लेकरू गेलं, म्हणून गुरापाखरांनी पाण्यावाचून राहायचं?"

संध्याकाळी तळ्यात कावेरीचं पाणी सोडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनं मात्र तोंड फिरवलं आणि तळ झाकेपर्यंत माझा हात घट्ट धरून ठेवला.