सहा मशिनांचा भाव

तंजावूरच्या मराठी माणसाला एक खोड आहे. दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात, समोरच्याला कळू नये असं काही बोलायचं झालं की तो मराठीत बोलतो. भोवती सगळे तामिळ, त्यामुळे चारचौघांत उघड्यावर कुजबुज करायची सोय आम्हाला आयतीच मिळाली आहे. मीही ती आयुष्यभर वापरली. त्याच सोयीनं माझी कातडी कशी सोलली, ते सांगतो.

मी कॉम्प्युटर विकतो. बिलं काढायला लागतात ते नव्हे, मोठी वर्कस्टेशनं. आर्किटेक्ट, इंजिनिअर, सिनेमावाले वापरतात ती. मी ज्या कंपनीचा माल ठेवतो तिनं सरळ कळवलं होतं, मार्चअखेर एक मोठी ऑर्डर आण, नाहीतर डीलरशिप दुसऱ्याला देऊ. दुसरा म्हणजे रस्त्यापलीकडचा, सुटे भाग आणून मशिनं जुळवणारा. डीलरशिप गेली की दुकान गेलं. मग चाळिशी उलटल्यावर चेन्नईला जाऊन पोरासोरांच्या हाताखाली नोकरी करायची.

अशात राजवाड्यामागच्या गल्लीतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसातून बोलावणं आलं. सहा वर्कस्टेशनं हवी होती. मी आणि तो रस्त्यापलीकडचा, दोघांनी एकेक मशीन आणायचं, शेजारी शेजारी चालवून दाखवायचं, भाव सांगायचा. मालक साठी उलटलेले. पैशाचा व्यवहार त्यांची थोरली बहीण बघायची. सगळं ऑफिस तिला अक्का म्हणायचं. दोघं मराठी आहेत हे मला ठाऊक होतं. मी मराठी आहे हे त्यांना कुठून कळणार? इथल्या रीतीप्रमाणे माझ्या कार्डावर एक इंग्रजी अक्षर आणि पुढे नुसतं नाव, आडनावाचा पत्ता नाही. रंग काळा, मिशी जाड, कपाळाला विभूती. हा माझा हुकमाचा एक्का होता, आणि तो लपवून मी खुशीत काचेच्या दारातून आत शिरलो.

चपला मात्र पायातच राहिल्या.

"चप्पल कोठें सोडायची तें देखील ठाऊक नाहीं," अक्का माझ्याकडे बघून गोड हसत भावाला म्हणाली. "मागच्या दारानं वाढलेलं पोर दिसतें."

मीही गोड हसलो आणि चपला बाहेर काढून आलो. न कळल्याचं सोंग घेतलं की शिव्याही हसून घ्याव्या लागतात.

एका कल्याणमंडपाचा, म्हणजे लग्नाच्या हॉलचा, आराखडा तयार होता. खांब, झुंबरं, स्टेज, ओळीनं खुर्च्या. त्यावरून खऱ्या फोटोसारखं चित्र तयार करायचं काम दोन्ही मशिनांना दिलं. पहिल्या फेरीत पलीकडच्याचं मशीन माझ्या पुढे गेलं. भावही माझ्याहून बराच कमी. तो खुर्चीत मागे रेलला आणि मोबाईल काढून बसला.

मी मालकांना तामिळमध्ये म्हटलं, एसी बंद करा. करंट गेला की मशिनं यूपीएसवर चालतात, एसी चालत नाही. मग परीक्षाही तशीच घ्या.

त्यांना पटलं. एसी बंद झाला, खिडक्या उघडल्या, तंजावूरचं ऊन आत आलं. दुसऱ्या फेरीत त्याच्या मशीनचा पंखा मिक्सरसारखा ओरडायला लागला. तिसऱ्या फेरीत ते इतकं तापलं की चालता चालता बसकण मारल्यासारखं मंदावलं. माझं मशीन तिन्ही फेऱ्यांत एकाच चालीनं चाललं. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता, तो बघून मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? त्याला दोन लहान मुली होत्या, तेही मला माहीत होतं, तरी बरं वाटलं.

मी जिंकलो होतो. आता फक्त गप्प बसायचं होतं.

तेवढ्यात बहीणभावाचं मराठीत सुरू झालं.

"तो पलीकडचाच बरा," अक्का म्हणाली. "स्वस्त अहे. मशीन तापलं तर तापलं, पोरं कॉफी प्यायला जातील."

"काल फोनवर आणखी उतरतों म्हणालाय," मालक म्हणाले.

"मग झालें. ह्याला भाव उतरायची लाज वाटतें. दोन गोड शब्द बोलून पाठवून दे."

मार्च संपत आला होता. ते पुढे काही बोलायच्या आत मी तामिळमध्ये घाईघाईनं म्हणालो, सर, सांगायचं राहिलंच, कंपनीची एक खास सूट आहे, आजच्यापुरती. अशी कुठलीही सूट नव्हती. सूट माझ्याच खिशातून होती.

मालकांनी मान हलवली. अक्का पुन्हा मराठीत, "मशीनचे पडदे ह्याचे जुने दिसतात. तो नवीन देतोंय, फुकट."

मी म्हणालो, मॅडम, मॉनिटरही माझ्याकडून, नवीन, फुकट.

पलीकडचा माझ्याकडे बघतच राहिला. त्यानं मॉनिटर द्यायचं नावही काढलं नव्हतं, हे मला त्याच्या तोंडावर वाचता आलं असतं. पण मी त्याच्याकडे बघितलंच नाही. मला वाटत होतं, मी यांच्या मनातलं ऐकतोय. कानाशी लागलेला हा शहाणपणा मला इतका गोड वाटला की त्या सहा मशिनांवर मला मिळायचं ते सगळं मी तासाभरात सोडून दिलं, आणि वर पदरचं घातलं. ऑर्डरवर सही झाली. तो बिचारा आपलं तापलेलं मशीन उचलून, जातो म्हणून गेला.

मी वायरी गुंडाळत होतो.

"आई बरी अहे का रे?" अक्कानं विचारलं.

मराठीत. माझ्याकडे बघून.



"मिशी आली म्हणून काय झालें? डोळे तिचेच अहेत. श्राद्ध असो, कार्य असो, आमच्याकडे स्वैंपाकाला तीच यायची. मागें बसून नारळ खवायची, तूं तिच्या मांडीशीं. खोबरें चोरून खायचास."

मी मागे वळून बघितलं. काचेच्या भिंतीपलीकडे, ऑफिसच्या टोकाला, अंगण होतं आणि दगडी विहीर होती. ती विहीर मी ओळखली. त्या घराचं आता ऑफिस झालं होतं, ते कसं ओळखणार? लहानपणी मी ते पुढून कधी बघितलंच नव्हतं.

"म्हणजे मघाशी तुम्ही..." मला मराठीत धड वाक्य जुळेना.

"मशीन तुझं चांगलं अहे," मालक म्हणाले. "तेंच घेणार होतों. भावहि कबूल होता."

"तुझ्या आईला देखील तोंडावर कमी घे म्हणून कधीं सांगितलें नाहीं," अक्का समजावल्यासारखं म्हणाली. "दुसरी बाई कमींत येतें, असें मी इकडे बोलायची, तिला चुलीपाशीं ऐकायला जाईल असें. ती आपणहून कमी करायची. फार गुणी बाई. तूं तिच्यावरच गेलास." मग उठता उठता, "मशिनं मागच्या दारानं आण हं, बाळा. वाट तुला ठाऊक अहे."

मला त्या बाईचा गळा धरावासा वाटला. मी म्हणालो, "बरं, अक्का."

घरी आलो. आईला एवढंच सांगितलं की ऑर्डर मिळाली आणि त्या घरच्या अक्कानं तुझी चौकशी केली. आई भिंतीला टेकून बसली होती, ती ताठ झाली. "अक्कानं? माझी आठवण अहे तिला?" तिनं तीन-तीनदा विचारलं. मग शेजारणीला हाक मारून तिलाही सांगितलं. फार मोठ्या मनाची माणसं, म्हणाली, कधी म्हणून पैशात घासाघीस केली नाही.

मशिनं आली त्या दिवशी टेम्पो मी गल्लीच्या मागच्या अंगाला लावायला सांगितला. बरोबरचा हमाल म्हणाला, पुढे चांगलं रुंद दार आहे की. मी म्हटलं, पुढे पायऱ्या आहेत, खोकी जड आहेत. आणि पहिलं खोकं मीच उचलून विहिरीवरून आत नेलं.